‘पोट साफ झाले’ हे मोजायचे कसे? बद्धकोष्ठतेच्या औषधांवरील संशोधन समजून घेताना

बद्धकोष्ठतेचे औषध उपयोगी पडते की नाही, हे ठरवणे वरवर पाहता सोपे वाटते. रक्तदाबासाठी यंत्र लागते, साखरेसाठी सुई टोचावी लागते. येथे मात्र माणसाला शौचास झाले की नाही एवढेच विचारायचे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात या आजारावरच्या संशोधनात सगळ्यात अवघड भाग तोच ठरला आहे. काय विचारायचे, किती दिवस विचारायचे आणि कितपत सुधारणा झाली म्हणजे औषध यशस्वी म्हणायचे, हे आधी पक्के केल्याशिवाय मिळालेल्या आकड्यांना काहीच अर्थ नसतो. जाहिरातीत ‘शंभरातील ऐंशी जणांना आराम’ असे वाचल्यावर आपण आकड्याकडे पाहतो. संशोधक मात्र ‘आराम म्हणजे काय?’ हे आधी विचारतो.

नागपुरातल्या कोणत्याही पोटविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात ऐकू येईल असा हा संवाद पाहा. डॉक्टर विचारतात, “रोज होते का, आजी?” सत्तरीच्या बाई उत्तर देतात, “होते जी, रोजच होते. पण मोकळं नाही वाटत. बसूनच राहा लागते.” पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ चालत आलेल्या ढोबळ व्याख्येनुसार आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे म्हणजे बद्धकोष्ठता. त्या व्याख्येने या आजी निरोगी ठरतील आणि त्यांचा त्रास मात्र तसाच राहील.

म्हणूनच आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘रोम’ निकषांत केवळ संख्या पाहिली जात नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकषांच्या चौथ्या आवृत्तीत सहा लक्षणे दिली आहेत: जोर लावावा लागणे, मल कडक किंवा खड्यांसारखा असणे, पोट पूर्ण रिकामे न झाल्याची भावना, खाली काहीतरी अडल्यासारखे वाटणे, बोटाने किंवा हाताच्या दाबाने मदत करावी लागणे, आणि आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा आपोआप शौचास होणे. यांपैकी किमान दोन लक्षणे असावी लागतात. पहिली पाच लक्षणे चारांतून एकापेक्षा अधिक वेळा जाणवली पाहिजेत. आणि हा त्रास गेले तीन महिने चालू असून त्याची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वी झालेली असावी लागते. लग्नसराईत चार दिवस जेवणाचे वेळापत्रक बिघडले आणि पोट बसले, तर तो त्रास खरा असला तरी चाचणीत भरती करून घेण्याजोगा आजार तो नव्हे.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते आणि ती माझ्या मते फारच कमी सांगितली जाते. भारतीय गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी सोसायटीच्या गटाने देशातील अनेक केंद्रांत केलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पोटाची तक्रार नसलेल्या बहुसंख्य लोकांना दिवसातून एक किंवा दोन वेळा शौचास होत असल्याचे आढळले. आपल्या आतड्यांतून अन्न पुढे सरकण्याचा वेगही पाश्चात्त्यांपेक्षा जास्त असतो. हा वेग मोजण्यासाठी एक्स-रेमध्ये दिसणारे बारीक तुकडे भरलेली कॅप्सूल गिळायला देतात आणि नंतर किती तुकडे आत उरले हे पाहतात. परदेशी पद्धतीत हा एक्स-रे सहसा पाचव्या दिवशी काढला जातो. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी भारतीयांसाठी वेगळी पद्धत बसवली आणि त्यात ३६ व ६० तासांनी एक्स-रे काढले जातात, कारण पाचव्या दिवसापर्यंत थांबले तर आपल्याकडचे मंद आतडेही मोकळे दिसू शकते. जो माणूस आयुष्यभर दिवसातून दोनदा जात होता, त्याला आता दिवसाआड होऊ लागले, तर त्याची तक्रार आठवड्याच्या ‘तीन वेळा’ या रेषेत कधीच बसणार नाही. परदेशी चाचणीचा निष्कर्ष आपल्याला किती लागू पडतो, हा प्रश्न म्हणून केवळ औषधाचा राहत नाही. त्या चाचणीत कोणाला घेतले होते, यावर तो ठरतो.

आता चाचणीच्या आत काय चालते ते पाहू. सहभागी व्यक्तीला एक रोजनिशी दिली जाते, हल्ली अनेकदा मोबाइलवर. प्रत्येक वेळी शौचास झाल्यावर ती तीन-चार गोष्टी नोंदवते. पहिली गोष्ट मलाचे स्वरूप, आणि त्यासाठी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी तयार केलेला, १९९७ पासून विशेष प्रचारात आलेला सात चित्रांचा तक्ता वापरतात. पहिल्या चित्रात सुटे, कडक खडे असतात, चौथ्यात मऊ, गुळगुळीत आणि सलग मल, तर सातव्यात पूर्ण पातळ. चित्रावर बोट ठेवायचे असल्याने लाजही आड येत नाही आणि ‘बरा झाला’, ‘ठीक झाला’ अशा मोघम शब्दांवर विसंबावे लागत नाही. दुसरी नोंद जोर लावावा लागला का याची. तिसरी पोट पूर्ण मोकळे वाटले का याची. आणि चौथी, त्याआधीच्या २४ तासांत एखादे रेचक घेतले होते का याची. ही शेवटची नोंद फार महत्त्वाची आहे. चाचणीत कोणालाही आठवडाभर कुंथत ठेवता येत नाही, म्हणून साधारण तीन दिवस काहीच झाले नाही तर ठरलेले रेचक घेण्याची मुभा असते. त्या रेचकाने जे झाले ते मात्र तपासल्या जाणाऱ्या औषधाच्या खात्यात धरले जात नाही. अशा रेचकाच्या मदतीवाचून आपोआप झालेली आणि पूर्ण मोकळे वाटलेली अशी शौचाची वेळ, हेच आज बहुतेक मोठ्या चाचण्यांचे मोजमाप आहे.

औषध सुरू करण्यापूर्वी साधारण दोन आठवडे नुसतीच रोजनिशी भरून घेतली जाते. ‘आठ-आठ दिवस होत नाही’ असे मनापासून सांगणाऱ्या माणसाच्या नोंदीत अनेकदा वेगळेच चित्र निघते. यात खोटेपणा नसतो; आपल्याला वाईट आठवडा आठवतो आणि बरा आठवडा विसरला जातो. शिवाय माणूस डॉक्टरकडे किंवा चाचणीकडे वळतो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेला पोहोचलेला त्रास पुढच्या काही आठवड्यांत बहुधा थोडा उतरतोच. त्यात कोणीतरी आपुलकीने विचारपूस करत असते, जेवण-पाण्याकडे लक्ष जाते, आणि काही फरक नुसत्या अपेक्षेनेही पडतो. हा सगळा फरक औषधाच्या नावावर चढू नये म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने दोन गट पाडतात आणि एका गटाला हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो देतात. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरलाही नसते.

या चौकटीतून निघालेले आकडे कसे वाचायचे, यासाठी दोन औषधे शेजारी ठेवून पाहू. लिनाक्लोटाइड हे औषध आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर काम करून पाणी व क्षार आतड्यात सोडायला लावते. त्याच्या दोन मोठ्या चाचण्या २०११ मध्ये प्रसिद्ध झाल्या व त्यांत मिळून १,२७६ रुग्णांचा हिशेब होता. यशाची अट कडक होती: आठवड्यात किमान तीन वेळा आपोआप व पूर्ण मोकळे होणे, आधीपेक्षा किमान एक वेळ जास्त होणे, आणि हे १२ पैकी किमान ९ आठवडे टिकणे. कमी मात्रेच्या गटात एका चाचणीत २१.२ टक्के आणि दुसरीत १६ टक्के रुग्णांनी ही अट पूर्ण केली. प्लासिबोच्या गटांत अनुक्रमे ३.३ व ६ टक्क्यांनी. पहिल्या चाचणीचा निकाल ‘सहापट गुणकारी’ असाही छापता येईल आणि ‘शंभरातील सुमारे अठरा जणांना औषधामुळे जास्तीचा फायदा’ असाही छापता येईल. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु औषध घ्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला दुसरे विधान अधिक उपयोगाचे आहे. उरलेल्यांना काहीच लाभ झाला नाही असाही याचा अर्थ नाही, कारण अट पूर्ण न करताही अनेकांचा त्रास कमी झालेला असू शकतो. जुलाब हा या औषधाचा सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम होता, आणि औषधाच्या कामाची पद्धत पाहता तो अपेक्षितच म्हणावा लागेल.

दुसरे औषध प्रुकॅलोप्राइड. हे आतड्याच्या स्नायूंची हालचाल वाढवते आणि नागपुरातही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६२० रुग्णांवरील १२ आठवड्यांच्या चाचणीत २ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ३०.९ टक्के रुग्णांना आठवड्यात सरासरी तीन किंवा अधिक वेळा मोकळे झाले, तर प्लासिबोच्या गटात हे प्रमाण १२ टक्के होते. आता ३०.९ हा आकडा २१.२ पेक्षा मोठा आहे म्हणून दुसरे औषध अधिक चांगले, असे म्हणता येईल का? येत नाही. पहिल्या चाचणीत नऊ आठवडे टिकण्याची अट होती आणि दुसरीत सरासरी धरली होती. प्रश्नच वेगळे असल्यामुळे उत्तरे एका रांगेत लावता येत नाहीत. दोन औषधांची खरी तुलना हवी असेल तर ती एकाच चाचणीत, एकाच रोजनिशीने करावी लागते, आणि अशा चाचण्या फार थोड्या होतात, कारण आपल्या औषधाची गाठ दुसऱ्याच्या औषधाशी घालून देण्यात कंपनीला जोखीम असते.

स्वस्त आणि जुन्या औषधांकडे वळले की चित्र बदलते, आणि नागपूरकरांच्या घरात प्रत्यक्षात असते ते हेच. इसबगोलचे पीक गुजरात-राजस्थानात होते आणि त्याचा भुसा जगभर जातो. त्यावर आणि आहारातील इतर तंतूंवर (फायबरवर) झालेल्या १६ चाचण्यांचा, मिळून १,२५१ सहभागींचा, एकत्रित अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तंतू घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के तर तुलनेच्या गटातील ४१ टक्के लोकांना फायदा झाल्याचे त्यात दिसले. त्यातील दोन बारकावे मला या आकड्यांहून मोलाचे वाटतात. तंतूंमध्ये इसबगोलचा परिणाम विशेष स्पष्ट होता, आणि दिवसाला १० ग्रॅमपेक्षा जास्त मात्रा किमान चार आठवडे घेतल्यास गुण अधिक चांगला दिसला. आपल्याकडे रात्री एक चमचा भुसा दुधात किंवा पाण्यात घालून घेतात, तीन दिवसांत फरक दिसला नाही की डबा फडताळात मागे सरकतो. भुसा अतिशय हलका असल्यामुळे एका लहान चमच्यात १० ग्रॅमच्या जवळपासही पोहोचता येत नाही. म्हणजे ज्या पद्धतीने इसबगोल तपासले गेले, त्या पद्धतीने ते आपण घेतलेलेच नसते. मात्रा एकदम वाढवली तर गॅस आणि फुगारा होतो, म्हणून ती हळूहळू वाढवावी लागते, आणि सोबत भरपूर पाणी लागते. कोरडा किंवा थोड्या पाण्यात कालवलेला भुसा घशात फुगून अडकण्याचा धोका असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पाण्याची गोष्ट नागपूरकराला दोनदा सांगायला हरकत नाही. पाण्याबाबत इटलीत ११७ जणांवर झालेली एक चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली: सर्वांना दिवसाला सुमारे २५ ग्रॅम तंतूंचा आहार दिला, आणि त्यासोबत दोन लिटर पाणी प्यायला सांगितलेल्या गटात अधिक सुधारणा दिसली. तंतूंशिवाय नुसतेच पाणी वाढवल्याने तेवढाच फायदा होतो, असे मात्र या चाचणीवरून म्हणता येत नाही.

दुसरे घरोघरचे औषध म्हणजे लॅक्ट्युलोजची गोड बाटली. त्याची तुलना पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या पावडरीशी करणाऱ्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेच्या पद्धतीने २०१० मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा शौचाची वारंवारता, मलाचा मऊपणा आणि पोटदुखीपासून आराम, या तिन्ही बाबतींत पावडर सरस ठरली. या पावडरीची सहा महिन्यांची, ३०४ रुग्णांची चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्या निकषांवर ५२ टक्के रुग्ण यशस्वी ठरले, प्लासिबोवर ११ टक्के.

सोनामुखी आणि बिसाकोडिल या रेचकांबद्दल ‘सवय लागते, आतडी निकामी होतात’ अशी भीती पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यातील बरीचशी भीती जुन्या, वेगळ्या रेचकांच्या आणि बेसुमार वापराच्या काळातून आली आहे. योग्य मात्रेत ही औषधे आतड्यांना कायमची इजा करतात याचा भक्कम पुरावा नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत ३६८ रुग्णांना चार आठवडे बिसाकोडिल किंवा प्लासिबो दिले गेले. मोकळे होण्याच्या वेळा आठवड्याला सरासरी १.१ वरून बिसाकोडिलच्या गटात ५.२ वर गेल्या, तर प्लासिबोच्या गटात १.९ वर. जपानमध्ये २०२१ साली ९० रुग्णांवरील छोट्या चाचणीत सोनामुखी घेणाऱ्यांपैकी ६९.२ टक्के आणि मॅग्नेशियम ऑक्साइड घेणाऱ्यांपैकी ६८.३ टक्के रुग्णांनी एकूण सुधारणा सांगितली, प्लासिबोवर ११.७ टक्क्यांनी. या चाचण्या चार आठवड्यांच्या आहेत, हे विसरून चालणार नाही. वर्षानुवर्षे रोज घेतल्यास काय होते, याचे उत्तर चार आठवड्यांच्या चाचणीतून मिळत नाही. जुन्या औषधांवर दीर्घ चाचण्या कमी होतात याचे कारण औषधांत दोष आहे असे नसून, त्यांचे पेटंट संपलेले असल्याने त्यांच्यावर कोटी रुपये खर्च करायला कोणी पुढे येत नाही, असे मला स्पष्टपणे वाटते.

सर्वांत बोलका निकाल मात्र गोळीचा नाही. काही रुग्णांचे आतडे व्यवस्थित पुढे ढकलत असते, पण शौचाच्या वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जातात. आतून कडी लावलेले दार बाहेरून ढकलत राहावे, तसे ते कुंथणे असते, आणि अशा वेळी रेचक वाढवल्याने फक्त ढकलण्याचा जोर वाढतो. या रुग्णांना बायोफीडबॅक म्हणून एक प्रशिक्षण देतात. गुदाशयात बारीक नळी ठेवून स्नायूंचा दाब पडद्यावर दाखवला जातो आणि रुग्ण तो पाहत पाहत स्नायू सैल सोडायला शिकतो. इटलीतील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अशाच १०९ रुग्णांना दोन गटांत वाटले: एका गटाला आठवड्याला एक याप्रमाणे पाच प्रशिक्षणे, दुसऱ्याला वर सांगितलेली पावडर आणि सल्ला. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ८० टक्के रुग्णांत मोठी सुधारणा होती, दुसऱ्यात २२ टक्क्यांत. येथे कोणी कोणते उपचार घेतले हे लपवता येत नाही, त्यामुळे थोडा फरक अपेक्षेचाही असेल. तरीही एवढी मोठी तफावत केवळ अपेक्षेने पडत नाही. नेमका दोष शोधून त्याच रुग्णांना निवडले, म्हणून हा निकाल इतका स्पष्ट आला. सगळ्या बद्धकोष्ठांना एकाच टोपलीत भरून हीच चाचणी केली असती, तर बायोफीडबॅक कदाचित निरुपयोगी ठरले असते.

सुरक्षिततेचा विचार वेगळ्या मापाने करावा लागतो. टेगॅसेरॉड हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये दीर्घकालीन बद्धकोष्ठतेसाठी मंजूर झाले आणि मार्च २००७ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र केल्यावर औषध घेतलेल्या ११,६१४ जणांत १३ जणांना हृदयविकार किंवा पक्षाघातासारखे गंभीर त्रास झाल्याचे दिसले, तर प्लासिबोच्या ७,०३१ जणांत एकाला. कोणत्याही एका चाचणीत हे दिसलेच नसते. हजाराला एक या प्रमाणात घडणारी गोष्ट काहीशे रुग्णांच्या अभ्यासात हाती लागत नाही. त्याआधी सिसाप्राइड या पोटाच्या औषधामुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडत असल्याचे लक्षात आले होते. भारतात ही दोन्ही औषधे २०११ मध्ये बंद झाली. ‘चाचणीत गंभीर दुष्परिणाम आढळला नाही’ हे वाक्य वाचताना, चाचणी किती जणांची होती, हे आधी पाहावे ते यासाठीच.

त्रिफळा, हिरडा, एरंडेल यांच्याबद्दल लोक विचारतातच. परंपरेने दीर्घकाळ वापरात असणे हा अभ्यास करण्यासाठी उत्तम आधार आहे, परंतु तो अभ्यासाची जागा घेऊ शकत नाही. त्रिफळ्याची तुरट चव आणि वास असलेले, पण त्रिफळा नसलेले चूर्ण तयार करणे कठीण असते. दर वेळच्या चूर्णाचे घटक सारखे राखावे लागतात. या अडचणी सोडवता येतात आणि त्या सोडवून हीच रोजनिशी व हाच तक्ता वापरला, तर चूर्णालाही गोळीइतकाच न्याय मिळेल. बाजारातील अनेक ‘आयुर्वेदिक’ चूर्णांत मुख्य काम सोनामुखीच करत असते, हे डब्यावरील घटकांची यादी वाचली तर कळते.

चाचण्यांत कोणाला घेत नाहीत, हेही जाणून घ्यायला हवे. मलातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास असेल, तर आधी आतड्याचा कर्करोग नाही ना, हे तपासले जाते. थायरॉइडचा विकार, लोहाच्या गोळ्या, अफूजन्य वेदनाशामके यांमुळे झालेला त्रास मुळात वेगळा असतो. अशा माणसाने वरील आकडे स्वतःला लावून दुकानातून परस्पर औषध आणू नये. त्याच्यासारखे रुग्ण त्या आकड्यांत नाहीत.

नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्ससारख्या शिकवणाऱ्या रुग्णालयात आपल्याला कधी एखाद्या औषध-चाचणीबद्दल विचारले गेले, तर घाबरून नाही म्हणू नये आणि भिडेखातर होही म्हणू नये. माहितीपत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळणे हा आपला हक्क आहे. ते घरी नेऊन मुला-सुनेला दाखवावे. २०१९ च्या नियमांनुसार अशा चाचणीला किमान सात सदस्यांच्या नैतिकता समितीची मान्यता लागते, तिच्यातील निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात, आणि एक सामान्य नागरिक व एक स्त्री सदस्य असणे आवश्यक असते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि ठरलेली भरपाई मिळते. मधेच बाहेर पडले म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. आपल्याला प्लासिबो मिळण्याची शक्यता किती, त्रास वाढला तर कोणते रेचक घेता येईल आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, एवढे तीन प्रश्न सही करण्यापूर्वी अवश्य विचारावेत. देशातील चाचण्यांची नोंद २००७ पासून क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया येथे होते आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. यशाची अट काय ठेवली आहे, हे तेथे चाचणी सुरू होण्याआधीच लिहिलेले असते, आणि निकाल आल्यावर ती अट गुपचूप बदलली का, हे ताडून पाहता येते. माहितीपत्रकावर नोंदणी क्रमांक दिसला नाही, तर तो मागून घ्यावा.